उजेडाचा कोन

सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत मूळचे गोव्याचे डॉ. व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला, तेव्हां पहिला ठपका बसला तो कोंदट चाळींवर. रोग पसरवितात त्या उंदरांच्या अंगावरील पिसवा, हें पुढें कळलें. परंतु चाळी निर्दोष नव्हत्या. कित्येक खोल्यांना खिडकीच नव्हती. असलीच तर हातभर अंतरावर शेजारची भिंत!

१८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा दाट वस्तींत शिरावा म्हणून त्यानें प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रस्ते काढले, आणि इमारतींसाठीं एक माप घातलें: ६३॥ अंशांचा कोन. म्हणजे समोरची इमारत ४० फूट उंच असेल, तर मध्यें निदान २० फूट जागा मोकळी हवी. तळमजल्यावरील बिऱ्हाडासहि आकाश दिसावें, हा त्यांतील हेतु.

माप उत्तम, पण घरें पाडलीं अधिक, बांधलीं कमी. उठविलेलीं माणसें शेजारच्याच चाळींत दाटीनें शिरलीं. १९२० नंतर डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, शिवडी व डिलाइल रोड येथें काँक्रीटच्या २०७ चाळी उभारल्या; प्रारंभीं त्यांतील पुष्कळ खोल्या रिकाम्याच राहिल्या.

त्यांपैकीं बऱ्याच चाळींच्या जागीं आज उंच मनोरे उठत आहेत. पंखे आहेत, वीज आहे. मग कोनाची गरज काय, असें कोणी म्हणेल. त्यानें भर दुपारीं दिवा न लावतां आपल्या स्वयंपाकघरांत क्षणभर उभें राहून पाहावें.