मडगार्ड आणि गवाक्षे

मोटारीच्या अंगावरील जो पत्रा चिखल अडवितो त्याला आपण मडगार्ड म्हणतो आणि जो यंत्र झाकतो त्याला बॉनेट. दोहोंचे काम आच्छादनाचे असल्यामुळे हा पत्रा म्हणजे गाडीचा केवळ पोशाख, तिच्या चालीशी त्याचा संबंध बेताचाच, असा समज सर्वसाधारण माणसाच्या मनात रुजला असेल तर त्यात नवल नाही. परंतु जिचा जन्मच मुळी सडक सोडून चालण्यासाठी झाला त्या जीपगाडीचा इतिहास चाळू लागले, म्हणजे हा पत्रा वाकविणारे, कापणारे, उचलणारे आणि त्याला भोके पाडणारे इतके हात दिसतात, की पोशाखाची उपमा सोडून द्यावी लागते.

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी १३५ कारखानदारांना आवाहन केले. पेनसिल्व्हेनियातील बटलर गावच्या बँटम कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याच्या आराखड्याबरहुकूम पहिली गाडी २३ सप्टेंबर रोजी बाल्टिमोरजवळच्या होलाबर्ड छावणीत हजर केली. तिचे मडगार्ड गोलाईदार होते, म्हणजे त्या काळच्या शहरी मोटारीची लकब तिने अद्याप टाकलेली नव्हती. पुढे फोर्ड कंपनीने आपला नमुना आणला, त्याचे बॉनेट चौकोनी आणि सपाट होते. आणि जेव्हा सर्व नमुन्यांतील चांगले ते वेचून विलीज कंपनीची एमबी ही गाडी प्रमाण म्हणून मुक्रर झाली, तेव्हा कल्पना बँटमची, इंजिन विलीजचे आणि तोंडवळा बव्हंशी फोर्डचा, असा तो संकर सिद्ध झाला. बँटमच्या वाट्याला मात्र मुख्य कंत्राट आले नाही; ट्रेलर बांधण्याच्या कामावर तिला समाधान मानावे लागले. युद्धाच्या धामधुमीत विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर काढल्या, आणि एवढी संख्या गाठायची तर सरळ घडीचा पत्राच सोयीचा, हे कोणत्याही ठोकाऱ्याला सांगावे लागणार नाही.

या सपाटपणाचे उपयोग मात्र सैनिकांनी एकामागून एक शोधून काढले. मडगार्डावर बसता येई, त्यावर ताटली ठेवून जेवता येई. बॉनेटावर नकाशा पसरून मसलती होत, आणि रविवारी त्याच बॉनेटावर वस्त्र अंथरून लष्करी धर्मगुरू प्रार्थनाविधी उरकीत. पुढची काच खाली पाडली की ती बॉनेटावरच्या लाकडी ठोकळ्यांवर येऊन टेके. दिवे बिजागरीवर बसविलेले असल्यामुळे ते उलटे फिरवून त्यांच्या उजेडात इंजिनाची दुरुस्ती करता येई. ही युक्ती ज्याला सुचली त्याने रात्री हातात पलिता धरून कधीतरी काम केलेले असले पाहिजे, असे मला नेहमी वाटते.

बॉनेटाला श्वास घेण्यासाठी वाटा ठेवणे ही काही नवी गोष्ट नव्हती. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या अनेक मोटारींच्या बॉनेटाच्या बगलांत उभ्या फटींच्या रांगा असत, आणि कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या तळांवर जुन्या फोर्ड गाड्या भरधाव सोडणाऱ्या तरुणांनी तर अशा फटी पाडून घेण्याचे वेडच घेतले होते. जीपने ही चाल उचलली नाही. उघड्या अंगाच्या, साठ अश्वशक्तीच्या, चाकांच्या बाजूंनीही मोकळ्या असलेल्या त्या गाडीतून उष्ण हवा खालून व बगलेतून निसटून जाई. आणि ज्या पृष्ठावर काच पाडायची, कागद पसरायचे, त्याला भोके कोण पाडील?

युद्ध संपल्यावर ही गाडी शेतकऱ्याच्या उपयोगाची म्हणून १९४५ साली सीजे-२ए या नावाने बाजारात आली. आपल्याकडे महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलीजची जीप सुट्या भागांतून मुंबईत जुळविण्यास आरंभ केला, आणि मामलेदार, फौजदार, कालव्यावरचे इंजिनियर व निवडणुकीचे उमेदवार यांच्या फिरतीचे ते सरकारमान्य वाहनच होऊन बसले. १९५३ साली विलीजने या नागरी जीपेत अधिक उंचीचे हरिकेन इंजिन बसविले. ते जुन्या बॉनेटाखाली मावेना, म्हणून बॉनेटच वर उचलले, आणि त्या काहीशा बेढब, उंच कपाळाच्या सीजे-३बीचा अवतार महिंद्रांनी पुढे कित्येक दशके चालविला. त्याच सुमारास अमेरिकेत लष्करी एम-३८ए१च्या धर्तीवर गोल मडगार्डांची सीजे-५ निघाली. घाट चढताना वाफाळलेला रेडिएटर, कडेला चाकाखाली दगड लावून उभी केलेली जीप आणि पाण्याचा डबा घेऊन झऱ्याकडे निघालेला क्लीनर हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पुढील प्रकरण समजण्यास कष्ट पडणार नाहीत.

मडगार्ड बदलण्याची गरज मुळात चाकाने उत्पन्न केली. १९५३ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील जॉर्जटाउन येथून पंचावन्न जीपगाड्या दीडशेवर माणसे घेऊन रुबिकॉनच्या खडकाळ वाटेने निघाल्या, आणि त्या यात्रेपासून सहलीसाठी दगडधोंड्यांत गाडी घालण्याची रीत प्रतिष्ठित झाली. युद्धकाळातील जीपचे चाक सुमारे अठ्ठावीस इंच व्यासाचे. खडकावरून पोट सुखरूप न्यायचे तर चाक मोठे हवे, आणि मोठे चाक वळताना किंवा उसळताना मडगार्डाच्या कडेला घासणार. तेव्हा कुणी कमान कापून मोठी केली, कुणी मूळ पत्रा उतरवून लोखंडी नळीचे अरुंद मडगार्ड जोडले, कुणी संपूर्ण मडगार्डच चार बोटे वर चढविले. फोर्डच्या ब्रॉंकोचीही तीच गत झाली. १९७१ व ७२ साली पार्नेली जोन्स याने मेक्सिकोतील बाहाची लांब पल्ल्याची शर्यत ज्या ब्रॉंकोने जिंकली, तिचे अंग तर बहुतांशी फायबरग्लासचेच होते. कापलेल्या कमानीबाहेर चाक डोकावू लागले की मागच्याच्या काचेवर खडे उडतात, आणि अमेरिकेतील अनेक राज्यांचे कायदे चाक झाकलेले असावे असा आग्रह धरतात. म्हणून कडेला लावायच्या रुंद पट्ट्यांचा एक स्वतंत्र धंदाच उदयास आला. एका हाताने पत्रा कापावा आणि दुसऱ्या हाताने तो पुन्हा जोडावा, असा हा व्यवहार!

बॉनेटावरील गवाक्षांचे शास्त्र याहून सूक्ष्म आहे. समोरच्या जाळीतून आलेली हवा रेडिएटरमधून तापून आत शिरते; गाडी वेगात असली तर समोरून येणाऱ्या हवेच्या रेट्याने ती तळाकडून बाहेर पडते, परंतु चढावर, पहिल्या गिअरात, चालत्या माणसाच्या गतीने सरकणाऱ्या गाडीला हा रेटा मिळत नाही, सारी भिस्त पंख्यावर राहते, आणि उष्ण हवा आपल्या स्वभावाप्रमाणे वर चढून बॉनेटाच्या छताखाली कोंडते. या कोंडीत जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीचे पेट्रोल नळीतच उकळून त्याची वाफ होई आणि गाडी हटून बसे. तारांचे आवरण व रबरी नळ्याही लौकर पिचतात. बॉनेटाच्या मध्याच्या पुढे फटी ठेवल्या तर हे सर्व वरच्यावर निघून जाते, आणि धावत्या गाडीवर त्या भागात वाऱ्याचा दाब कमी असल्याने आतली हवा ओढलीही जाते. उलट त्याच फटी काचेच्या पायथ्याशी पाडल्या तर तेथे वारा आपटून दाब वाढलेला असल्यामुळे हवा बाहेर पडण्याऐवजी आत शिरते. अनेक हौशी मिस्त्री येथेच फसतात. शिवाय जेथून हवा निघते तेथून पाऊसही येतो, म्हणून शहाणा कारागीर फटीखाली पन्हळ ठेवून पाणी बगलेला काढून देतो.

बाजारात मात्र जिला आतून भोकच नाही अशी प्लास्टिकची फटही मिळते, आणि ती खपतेही. जुन्या वाड्याच्या भिंतीवर रंगाने काढलेल्या खिडकीसारखी ती शोभते. तिच्यातून वारा येत नाही एवढेच.

जे मिस्त्रींनी छिन्नीने केले, ते पुढे कारखान्याने साच्यातून केले. २०१३ साली जीपच्या रँग्लर या गाडीच्या रुबिकॉन आवृत्तीच्या दशकपूर्तीच्या गाडीला दोन गवाक्षांचे बॉनेट मिळाले. २०१८ च्या रँग्लरच्या मडगार्डांत हवा बाहेर काढणाऱ्या झडपा आल्या आणि रुबिकॉनला मूळचीच उचललेली मडगार्ड व तेहतीस इंची चाके. याच सुमारास महिंद्रांनी मिशिगनमध्ये रॉक्सर ही छोटी गाडी बांधली, तेव्हा जीपच्या मालकांनी अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे फिर्याद नेली. फिर्यादीत सपाट बॉनेट, त्याच्या बाहेरच्या कड्या आणि जाळीच्याही पुढे आलेली मडगार्ड ही सारी आपली खूण म्हणून नोंदविलेली होती. २०२० साली निकाल महिंद्रांच्या विरुद्ध गेला व त्यांना तोंडवळा बदलावा लागला. घाईने दाबलेला लष्करी पत्रा ऐंशी वर्षांत मिरासदारीची जिंदगी झाला!

आपल्याकडे पंजाब-हरियाणाच्या सीमेवरील मंडी डबवालीत लष्कराच्या लिलावात निघालेल्या जुन्या जीपगाड्यांना नवी मडगार्ड व बॉनेट घडवून देणाऱ्या मिस्त्रींचा बाजारच आहे. परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीच्या दाखल्यातील तपशील कारखानदाराने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करू देत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. म्हणून पुष्कळ हौशी मालक कारखान्याचे मूळ मडगार्ड मोडीत न घालता गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवतात आणि पासिंगची तारीख जवळ आली की मिस्त्रीला निरोप धाडतात.