एनसीची कुळकथा

सोलापूरच्या भवानी पेठेत पाण्यावरून दोन घरांत जुंपली आणि हातघाईवर आली, की मंडळी जोडभावी पेठ पोलीस ठाणं गाठतात. मार लागलेल्याला मेडिकलची यादी देऊन सिव्हिलला धाडलं जातं. हातानं मारलेला नुसता मुका मार असला, तर अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी. दात पडला किंवा हाड मोडलं, तर गुन्हा दाखल. एनसीचा कागद घेऊन परतणाऱ्याला वाटतं, आपली बोळवण झाली. कधी होतेही, पण ही विभागणी ठाणेदारानं केलेली नाही.

इंग्लंडात पूर्वी गुन्ह्यांच्या दोन जाती होत्या, फेलनी आणि मिसडिमिनर. फेलनीत जिवाबरोबर मालमत्ताही जायची; ती जप्ती १८७० साली बंद झाली आणि ही जोडी १९६७ साली मोडीत निघाली. मेकॉलेच्या आयोगानं १८३७ मध्ये मसुदा केलेल्या आणि १८६० मध्ये मंजूर झालेल्या आपल्या दंड संहितेनं मात्र ती कधी घेतलीच नाही. तिनं सगळ्यांना सरसकट ‘अपराध’ म्हटलं आणि ज्याची त्याची शिक्षा लिहिली. मग वॉरंटशिवाय पोलिसांनी कुणाला धरायचं? १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना आखला गेला. आपल्या एनसीचा मूळपुरुष तो रकाना.

म्हणूनच दखलपात्र म्हणजे मोठा आणि अदखलपात्र म्हणजे किरकोळ, हा हिशेब दर वेळी जुळत नाही. बनावट मृत्युपत्र करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, तरी तक्त्यात तो गुन्हा अदखलपात्र! उलट चार आण्यांची चोरीही दखलपात्र होती. ते १ जुलै २०२४ पासून बदललं. नव्या कायद्यात पाच हजारांच्या आतली चोरी, माल परत केला आणि आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला, तर समाजसेवेवर भागते, आणि तक्त्यात ती अदखलपात्र आहे. दोन-चार चादरी गेलेल्या दुकानदारानं हे ध्यानात ठेवलेलं बरं.

एनसीत न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही; आदेश मिळाला की करता येतो. तेव्हा तो कागद चुरगळून फेकू नका. तो घेऊन वकिलाकडे जा आणि तपासाच्या आदेशासाठी अर्ज करा.