स्वस्त थाळी, महाग आडनाव

दरवर्षी जून उजाडला की पोरापोरींचे फोन सुरू होतात. कुणी नांदेडहून पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी आलेला असतो, कुणी वाशिमहून मुंबईला नोकरीच्या शोधात. खोलीचं कसंतरी जमलेलं असतं. मग प्रश्न येतो, "दादा, चांगलं आणि स्वस्त जेवण कुठं मिळेल?"

मी चार ठिकाणं सांगतो. पण सांगताना मला माझा एम.ए.चा पहिला महिना आठवतो. पेठेतल्या एका मेसमध्ये महिन्याचे पैसे घेऊन गेलो होतो. दर विचारला, वेळ विचारली, सगळं ठरलं. मग वहीत नाव लिहिताना विचारणा झाली, "आडनाव?" सांगितलं. वही बंद झाली. "सध्या जागा भरल्यात हो." दुसऱ्या दिवशी माझ्याच खोलीतला मित्र गेला आणि त्याला त्याच दराने जागा मिळाली. त्याचं आडनाव वेगळं होतं.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. या देशात थाळीला दोन किमती असतात. एक पाटीवर लिहिलेली, दुसरी न लिहिलेली. पहिलीची चर्चा सगळे करतात. दुसरीचा इतिहास आपणच सांगायला हवा.

खिशात पैसे होते, तरीही

बाबासाहेबांच्याच आयुष्यातून सुरुवात करू. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकताना त्यांनी पोटाला चिमटा काढून दिवस काढले हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण तिथली अडचण पैशाची होती. पैसे असतील तर कुठल्याही खाणावळीत बसता येत होतं. परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असं त्यांनी पुढे स्वतःच्या आठवणींत लिहिलं.

१९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला आले. उच्चशिक्षित माणूस, महाराजांच्या सेवेत, खिशात पैसे. तरी राहायचं कुठं आणि जेवायचं कुठं? हिंदू हॉटेलात जात लपवल्याशिवाय प्रवेश नव्हता. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून ते राहिले. दिवसाला दीड रुपया, त्यात चहा, नाश्ता, जेवण. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले.

दीड रुपया देण्याची ऐपत होती. कमी पडलं ते आडनाव. म्हणून "गरिबी हटली की जात आपोआप जाईल" असं कुणी म्हटलं की मी त्याला बडोद्याच्या त्या जिन्याची आठवण करून देतो.

चहासुद्धा बाटतो

हॉटेल ही आपल्याकडे तशी नवी गोष्ट आहे. जातीच्या व्यवस्थेला बाहेरचं जेवण मुळातच मान्य नव्हतं. कोण कुणाच्या हातचं खातो, कोण कुणाच्या पंक्तीला बसतो, यावरच तर जातीची उतरंड उभी होती. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही नामवंत मंडळी व्याख्यानाला गेली आणि तिथं चहा-बिस्किटं पुढे आली. त्यात टिळक होते, रानडे होते. नावं छापून आली, ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्ताची वेळ आली. एका कप चहासाठी!

ब्राह्मणाने ख्रिश्चनाच्या हातचा चहा घेतला तर ही गत. मग बाजारात चहाची दुकानं आली तेव्हा महार-मांगाची जागा कुठं असणार? दुकानाबाहेर. कप वेगळा, तोही बऱ्याचदा कान तुटलेला. पिऊन झाल्यावर आपला आपण विसळून ठेवायचा. पैसे मात्र तेवढेच, ते वरून टाकायचे. आपल्या आजोबांच्या पिढीला हे सांगावं लागत नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त गावच्या चहाच्या हॉटेलातल्या वेगळ्या कपबशीचा प्रसंग आहे. म्हणजे ही गोष्ट पेशव्यांच्या काळातली नाही, स्वातंत्र्यानंतर शाळेत गेलेल्या पिढीच्या डोळ्यांसमोरची आहे.

गंगाराम कांबळे यांचं हॉटेल

याच अंधारात कोल्हापुरात एक वेगळा प्रयोग झाला. गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. मराठ्यांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परतल्यावर गंगारामांनी पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलंच, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. गंगारामांना नोकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल उभं राहिलं. नाव 'सत्यसुधारक'.

दुकान स्वच्छ होतं, चहा चांगला होता. गिऱ्हाईक मात्र येईना. मग महाराज स्वतः फेरफटक्याला निघाले की त्या दुकानासमोर गाडी थांबवू लागले. गंगारामांच्या हातचा चहा स्वतः घ्यायचे आणि सोबतच्या सवर्ण मंडळींनाही पाजायचे. छत्रपतींसमोर नाही म्हणणार कोण?

ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. पण तिचं मर्म नीट बघा. महाराजांनी "गंगारामला सवर्णांच्या हॉटेलात बसू द्या" एवढाच हुकूम काढला नाही. त्यांनी चूलच गंगारामांच्या ताब्यात दिली. अस्पृश्याला गिऱ्हाईक करणं ही एक पायरी झाली. त्याला मालक करणं आणि त्याच्या हातचं इतरांनी पिणं ही खरी उलथापालथ.

मी यातून तीन दारं मानतो. पहिलं दार बसण्याचं, दुसरं भांड्याचं, तिसरं चुलीचं. आपला पुढचा सगळा इतिहास या तीन दारांच्या हिशोबाने वाचता येतो.

कायद्याने उघडलेली दोन दारं

२० मार्च १९२७ ला महाडला आपण चवदार तळ्याचं पाणी प्यायलो. त्यानंतर जमावाने हल्ला केला तेव्हा मंडपातल्या लोकांचं अन्न मातीत मिसळलं गेलं. पाणी आणि अन्न, दोन्हीवर एकाच दिवशी युद्ध झालं.

बाबासाहेब हे विसरले नाहीत. संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये विहिरी आणि तलावांसोबत दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं ही नावं आहेत. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ ला या कलमावर चर्चा झाली. 'दुकान' म्हणजे नेमकं काय, असं विचारलं गेलं. बाबासाहेबांनी स्पष्ट केलं की हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा. मोबदला घेऊन सेवा देणारा प्रत्येक जण त्यात येतो.

अमेरिकेत ग्रीन्सबरो इथं चार काळे विद्यार्थी १ फेब्रुवारी १९६० रोजी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहाच्या काऊंटरवर जाऊन बसले आणि तिथून मोठं आंदोलन पेटलं. तिथं हॉटेलप्रवेशाचा देशव्यापी कायदा १९६४ ला झाला. आपल्याकडे हा हक्क १९५० पासून मूलभूत हक्क आहे. फरक एवढाच की त्यांनी तो काऊंटरवर बसून वापरला. आपण किती वेळा वापरला?

१९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याला १९७६ च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. त्याच्या कलम ४ मध्ये हॉटेलातला प्रवेश तर आहेच, तिथल्या भांड्यांचा वापरही आहे. म्हणजे फुटक्या कपाची नोंद कायद्याने घेतली आहे. त्यातल्या 'हॉटेल' या शब्दात बोर्डिंग हाऊस आणि चहा-कॉफीची दुकानंही येतात. मेसच्या वहीत आडनाव पाहून जागा "भरली" असेल, तर "जाऊ दे" म्हणण्याआधी हे कलम वाचा. मी तेव्हा वाचलेलं नव्हतं. गप्प बसलो. ती चूक माझीही होती.

शहर: थोडी मोकळीक, पूर्ण सुटका नाही

आपल्या माणसांनी मुंबई गाठली ती पोटासाठी आणि श्वासासाठीही. नाक्यावरच्या इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलावर चहा आणि ब्रून मस्का खाताना जात विचारण्याचा प्रश्न नव्हता. गर्दीचं शहर, अनोळखी चेहरे, पटकन खाऊन उठणारे लोक. या अनोळखीपणाने आपल्याला जेवढं दिलं तेवढं गावाने कधी दिलं नाही.

उडुपी हॉटेलांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. माटुंग्यात रामा नायक यांचं बोर्डिंग १९४२ साली सुरू झालं. पुढे कमी पैशात पोटभर, स्वच्छ जेवण म्हणजे उडुपी असं समीकरणच झालं. मुंबईच्या नोकरदारावर या हॉटेलांचे उपकार आहेत, हे मान्य करायला हवं. पण ही स्वयंपाकाची परंपरा आली कुठून? ज्या उडुपीच्या मठांत पंक्तिभेद पाळला जायचा, त्याच परिसरातून. जातीचा नियम असा की वरच्याच्या हातचं खालच्याला चालतं, खालच्याच्या हातचं वरच्याला चालत नाही. म्हणून ब्राह्मण आचाऱ्याचं हॉटेल सगळ्यांना चाललं. पहिलं दार उघडलं, दुसरंही उघडलं. तिसऱ्या दाराला कडी तशीच.

गिरणगावातल्या खानावळी बघा. एकट्या गिरणी कामगारांना दोन वेळा जेवू घालून हजारो बायकांनी संसार चालवले. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केलं, सावकाराच्या तावडीतून काढून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मोठं काम झालं. पण खानावळ म्हणजे शेवटी कुणाचं तरी घर, आणि आपल्याकडे घराला जात असते. गाववाला गाववाल्याकडे, जातवाला जातवाल्याकडे जेवायचा. याच गिरण्यांत तोंडाने धागा ओढावा लागतो म्हणून विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नव्हते. जिथं धागा बाटत होता तिथं भाकरी बाटली नसेल का? १९८२ चा संप झाला, गिरण्या मोडल्या आणि खानावळीही मोडल्या.

सरकारी थाळी

१९९५ साली युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली. काही वर्षांतच योजना गुंडाळली गेली. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी आली: दोन चपात्या, भाजी, वरण, भात, दर १० रुपये. करोनाच्या काळात दर ५ रुपये झाला आणि काही काळ ती मोफतही मिळाली. शहरात थाळीमागे ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरले. त्यातले १० गिऱ्हाइकाचे, बाकी सरकारचे.

मी या योजनेच्या बाजूने आहे. नाक्यावरचा मजूर, बसस्थानकातला प्रवासी, अभ्यासिकेतला विद्यार्थी तिथं एका रांगेत उभे राहतात आणि आडनाव कुणी विचारत नाही. राज्याने पैसा लावला की पंक्तिभेद मोडतो, याचा हा पुरावा आहे. म्हणून केंद्रचालकांची बिलं थकतात, केंद्रं बंद पडतात, तेव्हा तो आपला प्रश्न असतो. पण त्यावर मोर्चा काढलेला मी पाहिलेला नाही.

आणि चूल? शाळेतल्या पोषण आहारासाठी स्वयंपाकी नेमताना अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ ला दिला. का द्यावा लागला? कारण दलित बाईच्या हातचा भात आपल्या पोराने खाऊ नये असं वाटणारे पालक या देशात आहेत. मार्च २०२४ मध्ये एका बड्या फूड डिलिव्हरी कंपनीने "शुद्ध शाकाहारी" ग्राहकांसाठी वेगळ्या हिरव्या गणवेशाची पोरं जाहीर केली. ओरड झाल्यावर दुसऱ्याच दिवशी गणवेश मागे घेतला. जुना सोवळेपणा नव्या ॲपमध्ये किती सहज शिरतो बघा.

आपण काय करायचं?

जातिनिर्मूलनावरच्या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावलं होतं की नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही. ते खरंच आहे. एका टेबलावर बसून मिसळ खाल्ली म्हणून क्रांती होत नाही. पण त्याचा अर्थ पंगत सोडून द्या असा नाही. पंगतीवर थांबू नका, असा आहे.

माझं म्हणणं तीन गोष्टींचं आहे. एक, आडनाव लपवून जेवू नका. बाबासाहेबांना ते करावं लागलं कारण त्यांच्या हातात संविधान नव्हतं. आपल्या हातात आहे, त्यांनीच दिलेलं. दोन, आपल्या वस्त्यांतल्या बचत गटांनी अभ्यासिकांच्या आणि वसतिगृहांच्या जवळ मेस काढाव्यात आणि विहारांच्या समित्यांनी त्यासाठी जागा द्यावी. ज्वारीची भाकरी, ठेचा, सुकट, वजडी हे पदार्थ पाटीवर अभिमानाने लिहावेत. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' लिहून आपल्या ताटाला पुस्तकात आणलं. त्याला बाजारात आणणं आपलं काम.

तिसरी गोष्ट बोचेल. आपण सवर्णांच्या चुलीबद्दल बोलतो, पण आपल्या बौद्ध वस्तीतला माणूस मातंग भगिनीच्या, मेहतर बांधवाच्या गाड्यावर जेवतो का? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर आपण लाखोंना जेवू घालतो, कुणाची जात विचारत नाही. वर्षातले ते दोन-चार दिवस वगळता उरलेल्या दिवसांचं काय?

परवा वाशिमच्या त्या पोराचा पुन्हा फोन आला. मी त्याला दोन पत्ते दिले. एक शिवभोजन केंद्राचा, दुसरा आमच्याच वस्तीतल्या एका ताईच्या मेसचा. ती बौद्ध नाही, मातंग आहे. भाकरी उत्तम करते. तो म्हणाला, "दादा, दर काय?"

म्हटलं, परवडेल. आणि वहीत आडनावाचा रकाना नाही.

जय भीम! जय संविधान!