परमुलखातली देवी

गणेशोत्सवाच्या मंडपासाठी परवानगीचा अर्ज लिहिण्याचे काम गेली काही वर्षे आपल्या समितीने माझ्याकडे दिले आहे. यंदा अर्ज लिहिताना असाच एक फार जुना अर्ज आठवला. इतिहास वाचण्याची आवड असल्यामुळे तो आपल्यापुढे मांडावासा वाटतो.

आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर टायर, सिडॉन, बिब्लॉस ही फिनिशियन लोकांची नगरे होती. हे लोक दर्यावर्दी व्यापारी. त्यांची थोर देवी अस्तार्ते ही प्रेमाची, तशीच युद्धाची आणि राजसत्तेचीही देवता. मेसोपोटेमियातील इश्तार तिच्या नात्यातली. दोघींच्या नावांचे मूळ एकच. इजिप्तमध्ये अस्तार्ते घोड्यावर स्वार झालेली दिसते. हिब्रू बायबल तिला अश्तोरेथ म्हणते आणि शलमोन राजा तिच्या भजनी लागला म्हणून त्याला दोष देते.

व्यापारी जिथे गेले तिथे देवीही गेली. इटलीत रोमजवळच्या पिर्गी येथे १९६४ साली सोन्याचे तीन पत्रे सापडले. ते इ.स.पू. ५०० च्या सुमाराचे आहेत. दोन पत्र्यांवर एट्रुस्कन भाषा आहे, एकावर फिनिशियन. स्थानिक राजाने देवीला वाहिलेल्या वास्तूचा हा लेख. फिनिशियन मजकुरात देवीचे नाव अस्तार्ते, तर एट्रुस्कन मजकुरात ऊनी!

ग्रीकांनी तिला आपली आफ्रोदिती मानले. पण म्हणून या सगळ्या देवी एकच, असे म्हणणे घाईचे होईल. आफ्रोदिती मुख्यतः प्रेमाची व सौंदर्याची देवी, तर ऊनी देवांची राणी. ज्याने त्याने आपल्याला ओळखीचे वाटले तेवढे रूप उचलले, बाकीचे मागे पडले.

आता त्या अर्जाकडे वळू. सायप्रस बेटावर कितियोन (आजचे लार्नाका) ही फिनिशियनांची वसाहत होती. तिथले काही व्यापारी अथेन्सच्या पिरेयस बंदरात राहात. अथेन्समध्ये परक्यांना जमीन घेता येत नसे. इ.स.पू. ३३३ मध्ये या व्यापाऱ्यांनी देवळासाठी जागा मागितली. मंडळाने आपले मत न देता प्रकरण लोकसभेकडे पाठवले. (कारभाराची ही रीत आपल्याही परिचयाची आहे!) पुढे लायकर्गसच्या ठरावाने जागा मिळाली. आधी इजिप्शियनांना इसिसचे देऊळ बांधू दिले होते, त्याचाच दाखला ठरावात आहे. हा ठराव कोरलेला शिलालेख पिरेयसलाच सापडला. त्यात देवी 'आफ्रोदिती' आहे. पण ती मूळची अस्तार्तेच असावी, असे अभ्यासक मानतात.

यजमानांच्या भाषेत देवीचे नाव सांगितले, म्हणून तिला जागा मिळाली का? आणि त्यात आपले काही हरवले का? हा प्रश्न मला सारखा पडतो, कारण तो आपलाही आहे. आपली मुले घरात मराठी किती बोलतात, हे प्रत्येकाने मनाशी पाहावे.

मात्र त्याच पिरेयसमध्ये, त्याच शतकातला आणखी एक छोटा लेख मिळाला आहे. एका बाईने नवस फेडताना स्वर्गीय आफ्रोदितीला काही वाहिले, त्याचा तो लेख. बाईचे नाव ग्रीक, अरिस्तोक्लेया. भाषा ग्रीक, देवीचे नावही ग्रीक. पण स्वतःच्या नावापुढे तिने एक शब्द आवर्जून कोरवून घेतला आहे : 'कितियोनची'.

एवढा एक शब्द आपल्या पुढच्या पिढीनेही जपावा, हीच श्रीचरणी प्रार्थना. गणपती बाप्पा मोरया!