मऊ आमिषाचा इतिहास

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे येतात. परंतु एखाद्या क्षुल्लक वस्तूचा माग काढीत गेले, तरी तिच्यामागे आगगाडी, कारखाना, कायदा आणि मनुष्याची हौस अशी सारी मंडळी उभी असलेली दिसतात. आज आम्ही अशाच एका वस्तूचा वृत्तांत सांगणार आहोत. ती वस्तू म्हणजे दोनतीन इंच लांबीचा, प्लॅस्टिकचा लिबलिबीत क्रेफिश. अमेरिकेतील नद्यांत स्मॉलमाउथ बास नावाचा मासा गळाला लावण्यासाठी तो वापरतात.

क्रेफिश आपल्या नद्यांत मुळात नाही, म्हणून त्याची ओळख करून दिली पाहिजे. गोड्या पाण्यातला शेवंडाचा धाकटा भाऊ म्हटले तर फारसे चुकणार नाही. पुढे दोन नांग्या, मागे पंख्यासारखी शेपटी आणि राहणे दगडांच्या सांदीत. संकट आले की तो शेपटी पोटाखाली झटकतो आणि उलट्या दिशेने पळतो. ही उलटी धाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढच्या साऱ्या कारागिरीची किल्ली तिच्यात आहे.

आता माशाकडे वळू. फ्रेंच शास्त्रज्ञ लासेपेद याने १८०२ साली या माशाचे वर्णन केले आणि त्याला ‘मायक्रोप्टेरस डोलोमियू’ असे नाव दिले. उत्तरार्ध हा भूगर्भशास्त्रज्ञ डोलोमियू याचा गौरव. पूर्वार्धाचा अर्थ ‘लहान पराचा’. वास्तविक या माशाचा पर मुळीच लहान नाही. लासेपेदच्या हाती आलेल्या नमुन्याचा पाठीवरचा पर फाटलेला होता आणि त्या जखमेलाच त्याने जातीचे लक्षण मानले. चूक पुढे ध्यानात आली, पण नाव कायम राहिले.

या माशाचे मूळ घर म्हणजे पंचमहासरोवरांचा प्रदेश आणि ओहायो, टेनेसी व वरची मिसिसिपी यांची खोरी. अपलाचियन पर्वताच्या पूर्वेकडील पोटोमॅक किंवा सस्क्वेहाना या नद्यांत तो नव्हता. मध्ये पर्वत आडवा असताना मासा पलीकडे गेला कसा? तो आगगाडीने गेला! बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा मार्ग व्हीलिंगपर्यंत पोहोचून थोडाच काळ लोटला होता. १८५४ साली विल्यम श्रायव्हर नावाच्या गृहस्थाने व्हीलिंगजवळचे काही बास इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत ठेवून मेरीलँडमधील कंबरलँडला नेले आणि तेथील कालव्याच्या पाण्यात सोडले. तेथून पोटोमॅक नदी त्यांना मोकळीच होती. काही वर्षांतच ती नदी बाससाठी प्रसिद्ध झाली. पुढे १८८१ साली डॉ. जेम्स हेनशॉल यांनी ‘बुक ऑफ द ब्लॅक बास’ हा ग्रंथ लिहून या माशाच्या झुंजारपणाची अशी काही वाखाणणी केली, की ट्राउटखेरीज इतर माशांकडे ढुंकून न पाहणारे शौकीनही याच्या नादी लागले.

त्या काळी आमिष असे ते जिवंतच. नदीतल्या बासचे मोठे खाद्य म्हणजे क्रेफिश. तेव्हा दगड उलथून क्रेफिश धरावेत आणि गळाला लावावेत, हा सरळ मार्ग होता. कृत्रिम क्रेफिशला वाव मिळाला तो ओहायो राज्यातील अक्रन या टायरच्या गावामुळे. १९२६ साली गुडरिच कंपनीतील वाल्डो सीमन हे रबर धातूला चिकटवण्याचा उपाय शोधीत होते. पीव्हीसी हा कडक, निरुपयोगी समजला जाणारा पदार्थ त्यांनी एका द्रवात तापवला. चिकट डिंकाऐवजी हाती आला मऊ, वाकणारा लगदा. त्याच अक्रनमध्ये १९४९ साली निक क्रीम आणि त्यांची पत्नी कॉस्मा यांनी स्वयंपाकघरातल्या शेगडीवर असल्याच प्लॅस्टिकमध्ये तेल व रंग मिसळून साच्यात गांडुळे ओतली. त्यांचा धंदा पुढे टेक्सासमधील टायलर येथे गेला.

टेक्सासच्या धरणांत बुडालेली झाडे फार. उघडा गळ तेथे टाकावा तर फांदीत अडकलाच म्हणून समजावे. यावर तेथल्या मंडळींनी तोड काढली, तिला ‘टेक्सास रिग’ म्हणतात. बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते शिसे दोरीत मोकळे ओवायचे आणि त्याच्या खाली गळ बांधायचा. गळाचे टोक आमिषाच्या अग्रातून थोडे आत घालून बाहेर काढायचे, गळ फिरवायचा आणि टोक पुन्हा आमिषाच्या अंगात खुपसून लपवायचे. लाकूड, दगड वा शेवाळ त्या टोकाला लागत नाही. मात्र माशाने जबडा मिटताच मऊ प्लॅस्टिक दबते आणि टोक बाहेर येते. आमिष मऊ नसते तर ही युक्ती मुळीच साधली नसती.

हीच रीत गांडुळावरून क्रेफिशवर आली, तेव्हा एक फरक करावा लागला. क्रेफिश उलटा पळतो. म्हणून गळ शेपटीकडून घालतात. दोरी ओढली की शेपटी पुढे आणि नांग्या मागे, अशी पळणाऱ्या जीवाची हुबेहूब नक्कल होते. दुसरी रीत म्हणजे गळाच्या मानेवरच शिशाची गोळी ओतलेली असते, तिच्यावर आमिष सरळ ओवायचे. प्लॅस्टिक तरंगणारे असेल तर तळाशी टेकल्यावर नांग्या वर उचलल्या जातात आणि क्रेफिश लढायला उभा ठाकल्यासारखा दिसतो. वजन प्रवाह पाहून ठरवावे. साधारणतः दोन ते सात ग्रॅम पुरते. फार हलके आमिष तळ गाठत नाही, फार जड ते कपारीत रुतते. प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरपे फेकावे आणि दगडांवरून ठेचकाळत खाली येऊ द्यावे.

आमिष लहान का, यालाही कारण आहे. रॉय स्टाइन या शास्त्रज्ञाने १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की बास मोठ्या नांग्यांचे थोराड क्रेफिश टाळतो आणि लहानांवर झडप घालतो. मोठा क्रेफिश गिळण्याची खटपट त्याला परवडत नाही. शिकाऱ्याचाही हिशेब असतो तो असा!

येथवर ही एका हिकमतीची कथा झाली. पण तिच्या पोटात एक वाद आहे. जिवंत क्रेफिशचे डबे घेऊन लोक गावोगाव हिंडले आणि उरलेले जीव जवळच्या पाण्यात ओतून घरी गेले. ओहायो खोऱ्यातला ‘रस्टी क्रेफिश’ अशा रीतीने विस्कॉन्सिन, मिनेसोटासारख्या राज्यांच्या सरोवरांत पोहोचला; त्याने तेथील पाणवनस्पती कुरतडल्या आणि मूळच्या क्रेफिशना हुसकावले. या दृष्टीने पाहता प्लॅस्टिकचा क्रेफिश नदीचा मित्र ठरतो, कारण त्याला पिले होत नाहीत. परंतु तो मरतही नाही. तुटून पडलेला तुकडा तळाशी तसाच राहतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रुक ट्राउट माशांनी असली आमिषे आपण होऊन गिळली, ती त्यांच्या पोटात अडकून राहिली, अन्नावरची वासना उडाली आणि वजन घटले. २०१३ साली मेन राज्याच्या विधिमंडळापुढे अशा आमिषांवर बंदी घालण्याचे विधेयक आले होते. बंदी झाली नाही, प्रश्न अभ्यासाकडे सोपवला गेला. शिशाची गत त्याहून वाईट. ते गिळून हंस मरतात म्हणून ब्रिटनने १९८७ साली शिशाच्या बहुतेक लहान वजनांना मनाई केली.

आणि खुद्द माशाचे काय? श्रायव्हरच्या टाकीतून सुरू झालेला प्रवास थांबलेला नाही. पॉवेल जलाशयाची पातळी खालावली, तेव्हा वरचे कोमट पाणी आणि त्याबरोबर बास धरणाच्या यंत्रांतून खाली उतरले. ग्लेन कॅन्यन धरणाखाली कोलोरॅडो नदीत या माशाची वीण होत असल्याचे २०२२ साली आढळले. तेथे हंपबॅक चब हा दुर्मीळ देशी मासा कसाबसा तग धरून आहे. पोटोमॅकमध्ये जो पाहुणा म्हणून गाजला, तोच येथे घरभेद्या ठरतो आहे.

आमचे मत विचाराल तर दोष माशाचा नाही, क्रेफिशचा नाही आणि प्लॅस्टिकचाही एकट्याचा नाही. श्रायव्हरने वाईट हेतूने काही केले नव्हते. डबा ओतणाऱ्याने तर त्या जीवांवर दयाच केली होती. नदीत टाकलेली वस्तू आपल्यापुरती संपली असे दोघांनीही मानले, एवढेच. नदीच्या लेखी ती तेथे सुरू होते. म्हणून जिवंत आमिष एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेऊ नये आणि फाटलेला प्लॅस्टिकचा क्रेफिश खिशात घालून घरी आणावा. नियम दोनच आहेत, पण ते सुचायला दीडशे वर्षे लागली.