औंधचे नमस्कार

सूर्यनमस्कारांना शाळेत शिकवता येईल असे मोजके, ठरावीक रूप देण्यात औंध संस्थानाचा वाटा फार मोठा आहे. हे संस्थान जेमतेम 72 गावांचे आणि तेही विखुरलेले होते. राजधानी औंध आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे, तर आटपाडी आणि कुंडल ही त्याची ठाणी सांगली जिल्ह्यात येतात.

नमस्कार त्याआधीही घातले जात, पण व्रत म्हणून. रथसप्तमीला किंवा नवस फेडताना मित्र, रवी, सूर्य अशा बारा नावांचा उच्चार करत सूर्याला साष्टांग दंडवत घालण्याची रीत होती. समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालत, असे संप्रदायात मानतात. त्यांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी चाफळ, मसूर, उंब्रज, बहे, शिराळा यांसह नऊ मारुती याच दोन जिल्ह्यांत आहेत.

मारुतीच्या साक्षीने चालणारी तालीम हा दुसरा प्रवाह. तालमीच्या हौद्यात लाल माती चाळून टाकतात आणि तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबाचा रस मिसळतात. माती मऊ राहावी आणि खरचटलेली कातडी चिघळू नये, हा त्यामागचा हेतू. जोर-बैठका झाल्या की लढत आणि लढतीनंतर तेलाची मालिश. शरीर कमावणे आणि दुखरे अंग सावरणे ही दोन्ही कामे एकाच छपराखाली, एकाच वस्तादाच्या नजरेखाली होत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातीतले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले. मात्र तालमीचा उंबरा मुली आणि प्रौढ बायका ओलांडत नसत; दिवसभर बैठे काम करणारा कारकूनही क्वचितच तिकडे फिरके.

हे दोन प्रवाह एकत्र आणले ते भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. त्यांचा जन्म 1868 चा. 1909 मध्ये ते गादीवर आले. चित्रकला आणि कीर्तन यांत रमणाऱ्या या राजाला व्यायामाचीही तितकीच ओढ होती. तरुणपणी त्यांनी कुस्ती केली. पुढे युरोपात गाजलेल्या युजेन सँडो या मल्लाची पद्धत त्यांनी सुमारे दहा वर्षे नेमाने चालवली. मिरजेचे संस्थानिक गंगाधरराव पटवर्धन यांच्या आग्रहामुळे ते नमस्कारांकडे वळले आणि मग आयुष्यभर नमस्कारच घालत राहिले.

औंधच्या पद्धतीत एका नमस्काराचे दहा टप्पे आहेत. सरळ उभे राहून हात जोडायचे, मग वाकून तळवे जमिनीला टेकवायचे आणि कपाळ गुडघ्यांकडे न्यायचे. त्यानंतर एक पाय मागे, मग दुसरा. पुढच्या साष्टांगात कपाळ, छाती, दोन तळवे, दोन गुडघे आणि दोन्ही पायांचे चवडे अशी आठ अंगे टेकतात. पोट मात्र अधांतरी राहते. तिथून छाती वर उचलून मान मागे न्यायची आणि त्याच वाटेने उलट येत पुन्हा उभे राहायचे. श्वास आणि मंत्रोच्चार यांची सांगड प्रत्येक हालचालीशी घातलेली असते. जोर आणि बैठक या दोहोंचा अंश या एका आवर्तनात येतो आणि त्यासाठी सतरंजीएवढी जागा पुरते.

बाळासाहेबांचे खरे काम पुढचे आहे. संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. गावोगावी जाऊन ते स्वतः नमस्कार घालून दाखवत. स्त्रियांनीही नमस्कार घालावेत, हा त्यांचा विशेष आग्रह होता. वेदांचे अभ्यासक श्रीपाद दामोदर सातवळेकर तेव्हा औंधमध्येच राहत. आसने आणि व्यायाम यांवर त्यांनीही पुस्तके लिहिली.

1938 मध्ये बाळासाहेबांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्याचे संपादन केले होते आणि त्याच्या नावातच दहा टप्प्यांचा उल्लेख होता. त्याच दशकात म्हैसूरच्या राजवाड्यात टी. कृष्णम्माचार्य आसने शिकवत होते. तिथे सूर्यनमस्काराचा वर्ग योगवर्गाहून वेगळा चाले. हे दोन्ही वर्ग पुढे एकमेकांत मिसळले, आणि आज जगभरच्या योगवर्गांत बारा टप्प्यांचा सूर्यनमस्कार रूढ आहे.

नमस्कारांनी बहुतेक सर्व व्याधी दूर राहतात, अशी बाळासाहेबांची श्रद्धा होती. आजच्या वैद्यकाच्या दृष्टीने हा दावा फार मोठा आहे. लवचीकपणा, स्नायूंची ताकद आणि दम वाढवणारा चांगला व्यायाम, औषधोपचाराला पूरक पण त्याची जागा न घेणारा, असे नमस्कारांचे स्थान सांगता येते. पाठीचे किंवा गुडघ्याचे दुखणे असलेल्यांनी तो जाणकाराच्या सल्ल्यानेच करावा.

1948 मध्ये औंध संस्थान विलीन झाले आणि 1951 मध्ये बाळासाहेबांचे निधन झाले. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत यांनी राजनैतिक सेवेत असतानाही नमस्कारांचा प्रसार चालू ठेवला आणि 1970 मध्ये त्यांवर पुस्तक लिहिले. संस्थानाची हद्द आज नकाशावर नाही. पण रथसप्तमीच्या सकाळी महाराष्ट्रातल्या शाळांच्या मैदानांवर मुले-मुली एका सुरात बारा नावे घेत वाकतात, त्यात औंधच्या शाळांनी घालून दिलेला धडा चालू आहे.