डिचोलीचा बाजार आणि रूढीचा पुरावा

रूढीला कायद्याचे बळ केव्हा येते, या प्रश्नास न्यायशास्त्राचे उत्तर ठरलेले आहे: ती प्राचीन असावी आणि तिच्या आचरणात खंड पडलेला नसावा. गोमंतकातील सणांच्या अन्नास ही कसोटी लावावयाची, तर पुरावा दप्तरापेक्षा बाजारात अधिक सापडतो.

सर्वणकरांचा बाजार म्हणजे डिचोलीचा बुधवारचा. दिवाळीच्या सुमारास तेथे पोह्यांना मान. नरकचतुर्दशीस कारीट फोडले, की घरोघर गुळाचे, दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले पोहे होतात. पुढे त्रिपुरारी पौर्णिमेस शेजारच्या विठ्ठलापुरात वाळवंटीच्या पात्रात होड्या सोडतात. जत्रा म्हटली, की खाजे आलेच: बेसनाच्या तळलेल्या काड्या, त्यांवर गूळ व आल्याचा पाक. मग संक्रांत येते व तिळाचा भाव चढतो.

हा क्रम गोमंतकात सर्वत्र निर्वेध चालला नाही. १४ एप्रिल १७३६ च्या फर्मानाने इन्क्विझिशनने ख्रिस्ती घरांना अंगणात तुळस ठेवण्यास व हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजविण्यास मनाई केली. भातातील मिठावरून माणसाचा धर्म तपासला जाऊ लागला! डिचोली पोर्तुगिजांच्या हाती कायमची गेली ती १७८१ पासून, पेडणे १७८८ मध्ये. आणि या नव्या काबिजादींत प्रजेचे धर्माचार राखण्याचे धोरण राज्यकर्त्यांस स्वीकारावे लागले. १८१२ मध्ये इन्क्विझिशनच संपले. १६ डिसेंबर १८८० च्या संहितेने हिंदूंचे विवाह, दत्तक व एकत्र कुटुंब यांविषयीचे रिवाज नोंदले. पानात काय वाढावे, हे मात्र तिने नोंदले नाही. ते काम बाजाराने केले.

आणि बाजाराने फर्मानही मानले नाही. देवळाच्या जत्रेत जे खाजे, तेच चर्चच्या फेस्ताच्या फेरीतही विकले जाते. स्वयंपाकघरे वेगळी करण्याचा खटाटोप त्या दुकानापुढे हरला.

आज खाज्याला व हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन लाभले आहे. तथापि मानांकन नावाचे रक्षण करते, आचरणाचे नव्हे. शेतकरीण जोवर टोपली घेऊन बसते आणि आपण तिच्याकडून घेतो, तोवरच रूढी अखंड आहे. हा पुरावा दर बुधवारी नव्याने सादर करावा लागतो, आणि त्याचे साक्षीदार आपणच आहोत.